वीस पॉइंट नऊ

मस्कतच्या अझैब्यातल्या लाँड्रीत कृष्णकांत इस्त्रीचे शर्ट घ्यायला थांबला होता. काउंटरवरचा माणूस हँगरांच्या रांगेत त्याचा नंबर शोधत होता, तेवढ्यात फोन थरथरला आणि त्यावर एका कागदाचा फोटो येऊन पडला. त्याने तो सहज उघडला. स्टॅम्पपेपर होता. गुहागरच्या कुणा वकिलाने टाइप करून दिलेला, जुन्या वळणाचा मजकूर. 'मी, श्रीमती कलावती रामकृष्ण पाष्टे, धंदा शेती व घरकाम, कारणे मुखत्यारपत्र लिहून देते ऐसे की,' आणि दोन ओळी सोडून, 'श्री. कृष्णकांत गुरुदत्त आठल्ये, वय वर्षे ५२, हल्ली राहणार मस्कत, यांस माझे मयत पतीचे मृत्यूचे चौकशीकामी माझे व माझे अज्ञान मुलीचे वतीने हजर राहणे, कागद पाहणे, मागणे, तक्रार देणे अगर न देणे, वकील नेमणे...' पुढे त्याला वाचवेना. आपलं नाव बापाच्या नावासकट स्टॅम्पपेपरवर उतरलेलं माणूस आयुष्यात चार-दोनदाच बघतो, आणि एका खेपेला तर बघायला तो स्वतः नसतो. लाँड्रीवाला 'सर, आठ शर्ट' म्हणाला तरी तो हललाच नाही. मागे उभ्या असलेल्या बाईने घसा खाकरला, तेव्हा त्याने शर्ट उचलले आणि गाडीत जाऊन बसला.

खरं तर यात दचकण्यासारखं काही नव्हतं, असं कुणीही म्हटलं असतं. मस्कतच्या मराठी मंडळात अशा कामाला कृष्णकांतच पुढे असायचा. कुणी साइटवर गेला, कुणी झोपेत गेला, कुणी रस्ता ओलांडताना गेला, की गावाकडून मुखत्यारपत्र यायचं, बहुतेक वेळा त्याच्याच नावाने. मग तो प्रॉसिक्युशनच्या कचेरीत जाऊन घरच्यांच्या वतीने एक कागद सही करून द्यायचा. आमचा कोणावर संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही. तो कागद दिला की फाईल मिटायची आणि शवपेटी विमानात चढायची. नऊ जणांसाठी त्याने असं केलं होतं. आठल्येभाऊ चार दिवसांत माणूस घरी पोचवतात, अशी त्याची ख्याती होती. गावाकडून आयांचे, बायकांचे फोन यायचे, रडत रडत आशीर्वाद देणारे. त्या नऊ जणांचं नेमकं काय झालं होतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मेलेला माणूस लवकर घरी पोचावा, यापलीकडे घरच्यांना काही हवं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोला, ती ख्याती त्याला आवडायचीसुद्धा.

दहावा रामकृष्ण पाष्टे. पण रामकृष्ण कृष्णकांतच्याच कंपनीतला होता. मस्कतच्याच गाल्यात तिचं वर्कशॉप, आणि काम लोखंडी टाक्या साफ करून आतून रंगवायच्या. कृष्णकांत तिथे सेफ्टी ऑफिसर. तीन साइट आणि ऑफिसर एकटा. टाकीत माणूस उतरवण्याआधी एक परवाना भरावा लागतो. मीटर आत सोडायचा, हवेतला प्राणवायू मोजायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची. चांगल्या हवेत आकडा एकच येतो, वीस पॉइंट नऊ. अर्ध्या तासाच्या या कामासाठी रोज गाल्याहून सूरच्या साइटला दोनशे किलोमीटर कोण जाणार? म्हणून दर गुरुवारी दुपारी, आठवड्याच्या सुट्टीआधी, कृष्णकांत पुढच्या आठवड्याचे परवाने आगाऊ सही करून पिकअपच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा. सुरुवातीला तो नुसती सही करायचा आणि आकडा सूरचा सुपरवायझर भरायचा. पण एका ऑडिटला कुणीतरी म्हणालं, दोन अक्षरं कशी? तेव्हापासून आकडाही तोच लिहू लागला. वीस पॉइंट नऊ, वीस पॉइंट नऊ, चहा पिता पिता, एकाखाली एक. सहा वर्षांत तो आकडा एकदाही चुकला नव्हता, कारण सहा वर्षांत तो कुणी मोजलाच नव्हता. सूरच्या मीटरची बॅटरी उतरलेली आहे, हे सुपरवायझरने मागे एकदा फोनवर सांगितलं होतं. पाठवतो म्हणाला होता कृष्णकांत. ती बॅटरी अजून त्याच्या टेबलाच्या खणात होती. रविवारी सकाळी सव्वाआठला रामकृष्ण महिनाभर बंद असलेल्या टाकीत उतरला आणि शिडीच्या चौथ्या पायरीवरून खाली पडला. त्याला वर काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे होते. डॉक्टरांनी पहिल्या कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून.

शर्ट मागच्या सीटवर टाकून कृष्णकांत स्टीअरिंगला धरून बसून राहिला. बाहेर ऊन तापलं होतं आणि एसी पूर्ण सोडला होता, तरी त्याला हवा कमी पडत होती. हे आठ दिवस असंच चाललं होतं. लिफ्टमध्ये शिरलं की तो मनातल्या मनात श्वास मोजायचा. बाथरूमचं दार लावायचा नाही, त्यावरून देविका दोनदा चिडली होती. बंद टाकीत लोखंडाला गंज चढतो आणि तो गंज आतला प्राणवायू खाऊन टाकतो, हे तो दर वर्षी स्लाइड लावून नव्या लोकांना शिकवायचा. अशाच एका वर्गात रामकृष्ण मागच्या बाकावरून उठला होता. हाताला सुकलेला करडा रंग, चेहऱ्यावर शाळकरी संकोच. 'साहेब, ही गंजाची गोष्ट खरी काय? लोखंड हवा खातं?' कृष्णकांत म्हणाला होता, 'अगदी खरी. म्हणून आधी मीटर, मग माणूस.' त्यावर रामकृष्ण बाकीच्यांकडे वळून म्हणाला, 'म्हंजे आपल्याकडं इहिरीत कंदील सोडत्यात, तसं.' सगळे हसले, आणि सगळ्यांना समजलंही. कृष्णकांतला ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी त्याने स्लाइडमध्ये कंदिलाचं चित्र टाकलं.

कंदील त्याने स्वतः पाहिला होता. राजापूरकडच्या त्यांच्या आगरातली विहीर चैत्रात उपसायची असली की खाली उतरणारे गडी काठावर बिड्या ओढत बसायचे आणि त्याचे वडील, गुरुदत्त आठल्ये, दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. हात हात दोरी सरकायची. कंदील तळाशी पोचला की वडील मनात शंभर आकडे म्हणायचे. ज्योत स्थिर राहिली तरच म्हणायचे, 'हं, उतरा.' गडी हसायचे. एकजण तर तोंडावर म्हणाला होता, 'तात्या, वीस वर्षांत इझला नाय तुमचा कंदील.' पुढच्या वर्षी पुन्हा दोरी, पुन्हा शंभर आकडे. लहानग्या कृष्णकांतला त्यांची लाज वाटायची. एवढा भित्रा कसा आपला बाप, असं वाटायचं.

घरी देविकाने स्टॅम्पपेपर वाचला आणि फोन त्याच्या हातात परत दिला. 'मग? नेहमीसारखंच ना हे?' ती म्हणाली. तो म्हणाला, 'कंपनी आमचीच आहे या वेळी. बरं दिसणार नाही. नको म्हणून कळवू का?' 'काय कारण सांगशील?' हा प्रश्न तिने अगदी सरळ मनाने विचारला होता. हातातली आमसुलं धुऊन निथळत ठेवता ठेवता. ती आमसुलंही रामकृष्णनेच आणलेली, दर सुट्टीनंतर डबा भरून, 'वहिनींना द्या' म्हणून. तिला सांगितलं असतं तर ती त्याच्या बाजूने बोलली असती, आणि तेच त्याला नको होतं. दारात चिन्मय उभा होता, बारावीची पुस्तकं छातीशी धरून. 'बाबा, आर यू ओके? तुझा फेस... म्हणजे, तू घाबरलेला दिसतो.' 'नाही रे,' कृष्णकांत म्हणाला. पोराचं मराठी अडखळतं म्हणून तो नेहमी कुरकुर करायचा. आज नेमका तोच शब्द त्याला बरोबर सापडला होता. तो घाबरला होता. पासपोर्ट अडकेल याला, जेलला, पोराच्या परीक्षेला, मंडळातल्या लोकांच्या नजरेला, आणि या सगळ्याखाली आणखी एका गोष्टीला, जिचं नाव घ्यायला तो तयार नव्हता.

मुखत्यारपत्राची मूळ प्रत तिसऱ्या दिवशी आली आणि चौथ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी त्याला सूरला न्यायला आली. चालवायला तय्यब होता, कंपनीचा पीआरओ. सगळ्या सरकारी कचेऱ्यांत ऊठबस असलेला, मूळचा दापोलीकडचा, वीस वर्षं इथे मुरलेला माणूस. त्याने समोशांची पुडी पुढे केली, कृष्णकांतने नको म्हटलं. कुरियात गाव मागे पडलं. डावीकडे समुद्र, उजवीकडे उघडे डोंगर, आणि मधे हा रस्ता, ज्याच्यावरून दर आठवड्याला त्याचे परवाने जायचे आणि तो कधी जायचा नाही. वाटेवरच्या खुणा त्याला ओळखीच्या वाटायला हव्या होत्या, पण एकही ओळखीची वाटली नाही. तय्यब बोलत होता. 'आठल्येभाय, टेन्शन कशाला घेता? आत जायचं, बोलायचं नाय जास्त, सही टाकायची, खलास. शनिवारच्या फ्लाइटला मय्यत घरी. बाईच्या डोक्यात कोणीतरी वकिलाचं भरवलंय म्हणे. वकील आला की फाईल लांबली. दोन-दोन महिने मय्यत थंडीत पडून राहते, मी बघितलंय.' मग रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, 'तो गुरुवारचा कागद माझ्याकडे आहे. तुमच्या सहीचा. फाईलला लावला नाय अजून.'

मागच्या सीटवर तय्यबची काळी बॅग होती. कृष्णकांतने मान वळवली नाही, तरी ती बॅग त्याच्या पाठीला कळत होती. 'त्यांनी मागितला?' त्याने विचारलं. 'कोणी मागितला नाय. त्यांच्या कागदावर हार्ट लिहिलंय. फॅमिलीने मागितला तर द्यावा लागेल.' तय्यबने समोशाचा तुकडा तोंडात टाकला. 'आणि फॅमिली म्हणजे आता कोण? तुम्ही.' तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, खरोखरीच सुटका झाल्यासारखा तो हसला. 'अल्लाने वाचवलं तुम्हाला. दुसऱ्या कोणाच्या नावाने कागद आला असता तर?' हे ऐकून कृष्णकांतच्या अंगातली भीती उतरायला हवी होती. एक क्षण उतरलीही. आपण सुटलो, असं त्याला वाटलं, अगदी स्वच्छ, गार पाणी प्यायल्यासारखं. त्या सुखाची मग त्याला इतकी भीती वाटली की त्याने काच खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. समुद्राची दमट, मासळीच्या वासाची हवा तोंडावर आदळली. ती किती आहे, कुणी मोजली होती? टाकीत उतरताना रामकृष्णने पहिला श्वास घेतला असेल तेव्हा त्याला काही वेगळं वाटलं नसेल. तेच तर तो स्लाइडवर शिकवायचा. वास नाही, रंग नाही, गुदमरणं नाही. माणसाला कळायच्या आत पाय जातात. चौथ्या पायरीवर रामकृष्णला काय कळलं असेल? काहीच कळलं नसेल, असं तो आठ दिवस, अकरा दिवस स्वतःला सांगत होता. पण रामकृष्ण तर वर्गात बसलेला होता. त्याला गंजाची गोष्ट ठाऊक होती. उतरताना त्याने सुपरवायझरला विचारलं असणार, मीटर झाला काय? आणि सुपरवायझरने तो कागद वर धरला असणार. आठल्येसाहेबांचं अक्षर बघून तो निवांत उतरला.

हे नाव त्याने घेतलं नव्हतं इतके दिवस. माणसाने आपल्यावर ठेवलेला भरवसा, त्याचीच ती भीती होती. रामकृष्ण त्या कागदामुळे उतरला, आणि त्याच्या बायकोनेही तशाच भरवशाने दुसरा कागद पाठवला. नवराबायको दोघांचा एकच माणूस.

सूरच्या कचेरीतला व्हरांडा थंड आणि स्वच्छ होता. निळ्या खुर्च्यांवर पाचसहा माणसं बसली होती. तय्यब आत ओळखी काढायला गेला, बॅग कृष्णकांतच्या पायाशी ठेवून. एवढा त्याचा विश्वास. तेवढ्यात फोन वाजला. कलावती होती. याआधी ती त्याच्याशी दोनदाच बोलली होती, दोन्ही वेळा रडत. आज तिचा आवाज कोरडा होता.

'आठल्येभाऊ, गेलाव काय आत?'

'अजून नाही वहिनी. नंबर यायचाय.'

'पोरीनं, रेवानं, सगळं वाचून दाखवलान मला. तक्रार नाय असा कागद असतो म्हनं. त्याच्यावर सही नका करू. आमचा मानूस चार दिस उशिरा येऊ दे, तेरावं फुडं जाऊ दे. पन कसा गेला ता कळू दे.' ती थांबली. 'कंपनीचा मानूस बोलला हार्टचं झालं. ह्यांना सर्दी झाली तरी फोन करून सांगत व्हते. हार्टचं सांगितलं नसतं?'

'वहिनी...'

'मला एकच सांगा. टाकी म्हंजे इहिरीवानीच ना? ह्ये मला सांगत व्हते सगळं, साहेबांनी कंदिलाचं चित्र काढलंय म्हून. मंग उतरायच्या आदी कंदील कोनी सोडलान नाय?'

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा फिरत होता आणि कृष्णकांत तो बघत होता. वडील शंभर आकडे म्हणायचे. तो वीसपर्यंतही पोचला नाही. 'मी सोडायचा होता,' तो म्हणाला. 'ते काम माझं होतं वहिनी. मी न बघता लिहून दिलं, हवा चांगली आहे म्हणून. गाल्यात बसून. आदल्या गुरुवारी.' त्याला वाटलं होतं की हे बोलताना आवाज फुटेल, पण तो नीट निघाला, एखाद्या दुकानदाराने माल नाही म्हणून सांगावं तसा. 'तुम्ही माझं नाव काढा त्या कागदावरून. मी तुमच्या बाजूने बसणं बरोबर नाही. दुसरा माणूस घ्या, वकील घ्या. मी नावं पाठवतो.'

फोन तुटला की काय म्हणून त्याने पडद्याकडे पाहिलं, तर सेकंद पुढे सरकत होते. लांब कुठेतरी कोंबडं ओरडलं, भांडं आपटलं. तिने शिव्या द्याव्यात, छाती पिटावी, असं त्याला फार फार वाटलं. त्यात त्याला बरं वाटलं असतं. ती रडतसुद्धा नव्हती. बऱ्याच वेळाने ती बोलली, तेव्हा आवाज अगदी जवळून आला, तोंडाशी फोन धरल्यासारखा.

'वकील येईल तवा येईल. आज आत कोन हाय? तुमीच हाव. आनि ह्ये दुसऱ्या कोनाला ठाऊक हाय काय?'

'कंपनीतल्या दोघातिघांना. पण ते सांगणार नाहीत.'

'मंग जावा आत. मला सांगितलाव ता तितं सांगा. माझ्या नावानं सांगा.' आणि तिने फोन ठेवला.

बॅगेची चेन त्याला दोनदा सटकली. परवाना वरच होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. रविवारची तारीख, टाकीचा नंबर, आणि चौकटीत त्याचं ते नेटकं, ऑडिटला आवडणारं अक्षर. वीस पॉइंट नऊ. कडेला करड्या रंगाचा अंगठा उमटला होता. तो कुणाचा, हे त्याला विचारावं लागलं नाही. तय्यब व्हरांड्याच्या टोकाला परत येताना दिसला. त्याने कृष्णकांतच्या हातातला कागद पाहिला आणि चालता चालता थांबला. 'आठल्येभाय,' तो हळूच म्हणाला, 'पोराची बारावी आहे तुमच्या.' कृष्णकांतला ते ठाऊक होतं. पळून जावं असं त्याला वाटलं, दार दहा पावलांवर होतं आणि बाहेर भरपूर हवा होती. तेवढ्यात आतल्या दारातून शिपायाने एक कागद डोळ्यांजवळ धरत नाव पुकारलं, 'रामक्रिश्न पाश्ते.' व्हरांड्यात कुणी हललं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. मग कृष्णकांत उठला.

खोलीत टेबलामागे तरुण अधिकारी बसला होता, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, समोर फाईल. बाजूला बदरुद्दीन नावाचा दुभाषा. त्याने हिंदीत समजावून सांगितलं की हे साहेब मृत्यूची चौकशी करतात, तुम्ही घरच्यांतर्फे आला आहात, घाबरू नका. कृष्णकांतने मुखत्यारपत्र दिलं. 'पहले ये लिखो,' तो म्हणाला, 'फॅमिली को वकील चाहिए. आज से. मैं नहीं, दुसरा कोई.' बदरुद्दीनने भुवया उंचावल्या, पण अरबीत सांगितलं, आणि अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. कृष्णकांतला तो कागद पाठ होता. नऊ वेळा सही केलेला. त्याने तो तसाच परत सरकवला.

'किसी के ऊपर शिकायत है?' बदरुद्दीनने विचारलं.

'है.'

'नाम बोलिए.'

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतला परवाना काढून टेबलावर ठेवला आणि नाव सांगितलं. बदरुद्दीन समजुतीने हसला. असे गोंधळलेले नातेवाईक त्याने रोज पाहिले असणार.

'आप का नाम तो लिख लिया, भाई. जिस के ऊपर शिकायत है, उस का नाम.'

कृष्णकांतने श्वास घेतला. तो पुरेसा होता की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. मग त्याने तेच नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सोपं जावं म्हणून तोडून तोडून, आणि या वेळी मध्ये वडिलांचं नाव घालून.